कडक सस्पेन्शनची स्पोर्ट्स कार आणि कोल्हापूरचे रस्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरएस, जीटी, जेसीडब्ल्यू असले बिल्ले मिरवणाऱ्या गाड्या आता कोल्हापुरात नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या रस्त्याला लागलं की या गाड्यांवर खर्च केलेला प्रत्येक रुपया वसूल वाटतो. पण तिथे पोचायला आधी गावातून बाहेर पडावं लागतं आणि रंकाळ्यापासून फुलेवाडीपर्यंतच मणक्यांची मोजदाद होते. मग लोक विचारतात, "स्प्रिंगा जरा मऊ करून मिळतील का?" मिळतील. पण माझ्या मते स्प्रिंगांना हात सगळ्यात शेवटी लावायचा. का, ते खाली येईलच.

गाडी कडक आहे हे कळतं, पण दणका नेमका येतो कुठून?

खड्ड्याचा धक्का आधी टायर घेतो, मग रिम, मग आर्मचे (चाक बॉडीला जोडणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश, मग स्प्रिंग आणि शॉकअप, वरचा माउंट, पत्रा आणि शेवटी सीट. या साखळीतल्या अनेक भागांपैकी स्प्रिंग हा फक्त एक, आणि तो बराच निरपराध असतो. नुसत्या कडक स्प्रिंगमुळे गाडी लवकर लवकर वर-खाली होते. साध्या कुटुंबाच्या गाडीची बॉडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डुलते, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारची दीड ते दोन वेळा. ते जाणवतं, पण त्यानं दात आपटत नाहीत. दात आपटतात ते टायरची भिंत संपल्यावर, शॉकअपनं चाकाला झटकन वर येऊ न दिल्यावर, किंवा सस्पेन्शन थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअपच्या रॉडवरच्या फोमच्या ठोकळ्यावर, जाऊन बसल्यावर.

आवाजावरून बरंच कळतं. रेडिओ आणि एसी बंद करून १५ च्या वेगानं खराब गल्लीतून चालवा. बारीक "टक-टक" येत असेल तर लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट. स्टिअरिंग वळवताना वरून "कर्रर्र" किंवा "टण्ण" असा आवाज आला तर वरचा माउंट आणि त्याचं बेअरिंग. स्पीड ब्रेकरवर एकच जाड "धप्प" आला तर बंप स्टॉप. कुठलाच आवाज नाही आणि तरी दणका तीक्ष्ण आहे, तर संशय टायर आणि शॉकअपवर घ्यायचा.

पहिलं काम कोणतं?

हवा तपासणं. हसू नका. पंपावरचा पोरगा "मोठी गाडी आहे" म्हणून सरसकट ४० पीएसआय भरतो आणि आपण तसेच महिनोन्‌महिने फिरतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा डिझेल-पेट्रोलच्या झाकणाच्या आत कंपनीचा तक्ता असतो. युरोपियन गाड्यांत त्यात बहुतेक वेळा दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक पूर्ण लोडसाठी. गावात एकटेदुकटे फिरणाऱ्यानं पहिला आकडा धरायचा. एवढ्यानंच निम्मे लोक माझ्याकडे परत येत नाहीत.

हवा थंड टायरवर मोजायची. तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढतो, आणि हायवेवरून पळवून आणलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. कावळा नाक्याला पोचल्यावर तो आकडा बघून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर असतो. म्हणून दोनपाचशे रुपयांचा स्वतःचा गेज घ्या आणि सकाळी घरीच मोजा. कंपनीच्या आकड्याच्या खाली मात्र जायचं नाही. बारीक भिंतीच्या टायरला कमी हवा म्हणजे खड्ड्यात रिमच वाकते. नायट्रोजन भरल्यानं गाडी मऊ होते ही समजूत आहे. साध्या हवेतसुद्धा ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

रिम एक इंच लहान करून फरक पडतो का?

पडतो, आणि पैशाच्या हिशेबात सगळ्यात मोठा फरक हाच. उदाहरण घ्या: २२५/४० आर १८ या टायरची भिंत २२५ च्या ४० टक्के, म्हणजे ९० मिमी. त्याच गाडीला २२५/४५ आर १७ लावला तर भिंत १०१ मिमी होते. अकरा मिमी रबर आणि हवा जादा मिळाली. चाकाची एकूण उंची ६३७ वरून ६३४ मिमी, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा फरक नाही, त्यामुळे स्पीडोमीटर आणि एबीएसला काही कळत नाही. १९ इंची २४५/३५ वरून १८ इंची २४५/४० वर येणाऱ्यांनाही असंच: भिंत ८६ वरून ९८, उंची जवळपास तीच.

विकत घेण्याआधी चार गोष्टी बघायच्या. लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरवरून बसते का, हे प्रत्यक्ष चढवूनच बघा, कारण जास्त ताकदीच्या मॉडेलचे ब्रेक मोठे असतात आणि फोटोवरून कळत नाही. पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते माप) मूळ रिमइतकेच हवेत. टायरचा लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग मूळपेक्षा कमी नको. आणि बाहेरच्या रिमचं मधलं भोक मोठं असेल तर हब रिंग लागते, नाहीतर ८०-९० ला स्टिअरिंग थरथरतं. ही रिंग शिवाजी उद्यमनगरात कुठलाही चांगला लेथवाला ॲल्युमिनियममध्ये बसल्या जागी काढून देतो. हबचं माप व्हर्नियरनं घेऊन जा, अंदाजानं सांगू नका. या बाबतीत आपलं गाव नशीबवान आहे, पुण्यातले लोक हीच रिंग ऑनलाइन मागवून आठवडाभर वाट बघतात.

टायरचा प्रकारही बघा. त्याच मापात मिशेलिनचा पायलट स्पोर्ट आणि प्रायमसी हे दोन वेगळे स्वभाव आहेत. पहिला घाटासाठी, दुसरा रोजच्यासाठी. मला विचाराल तर वर्षातले बहुतेक दिवस ज्याचं ऑफिस राजारामपुरीत आणि घर कळंब्याला आहे, त्यानं दुसरा घ्यावा.

टायरला नक्षी भरपूर आहे, तरी तो बदलायचा?

भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी इतक्या वर्षांत रबर कडक होतं, दणके वाढतात आणि पावसात पकड जाते. हौसेच्या गाड्या कमी पळतात, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. सेकंड हँड घेतलेल्या गाडीत हे पहिलं बघायचं.

रनफ्लॅट काढून साधे टायर टाकू का?

बीएमडब्ल्यू आणि मिनीवाल्यांचा हा कायमचा प्रश्न. रनफ्लॅटची भिंत मुद्दाम जाड आणि कडक असते, कारण हवा नसताना तिलाच गाडीचं वजन पेलायचं असतं. साध्या टायरवर आलात की फरक पहिल्या शंभर मीटरमध्ये कळतो. पण त्या गाडीत स्टेपनी नसते. रनफ्लॅटवर पंक्चर झाल्यावरही साधारण ८० च्या वेगानं ८० किलोमीटर जाता येतं, साध्यावर जाता येत नाही. म्हणून डिकीत कॉम्प्रेसर, पंक्चर किट आणि शक्य असेल तर बारीक स्टेपनी ठेवायची. रात्री करूळ घाटात भिंत फाटली तर किट उपयोगाचं नाही, तिथे टोइंगच. एवढी जोखीम मान्य असेल तर खुशाल काढा. चारही एकदम काढा, दोन ठेवून दोन बदलू नका.

शॉकअप गेलेत हे कसं ओळखायचं? "दाबून बघ, परत उसळली की गेले" म्हणतात.

ही युक्ती मऊ गाडीला ठीक आहे. कडक गाडी हातानं दाबलीच जात नाही, त्यामुळे तिथे ती काही सांगत नाही. रॉडच्या सीलशी तेलाचा ओला पट्टा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते का बघा. हायवेच्या लांब लाटेवर गाडी एकदा खाली जाऊन एकदाच वर यायला हवी. दोन-तीन वेळा डुलली तर शॉकअप संपले. गंमत म्हणजे शॉकअप मेलेली गाडी मऊ वाटत नाही. ती आवरली जात नाही, म्हणून बंप स्टॉपवर आपटते आणि मालक म्हणतो, "स्प्रिंग फार कडक आहेत."

शॉकअप उघडून तेल-गॅस भरून देणारे बरेच आहेत. साध्या गाडीचं काय करायचं ते करा, पण मोनोट्यूब (एकाच नळीचे, गॅस भरलेले) शॉकअप तसल्या ठिकाणी उघडू देऊ नका. आत नायट्रोजन २० बारच्या पुढे दाबलेला असतो. ते काम करायला त्याच कंपनीचं साधन आणि तेवढा अनुभव लागतो, नाहीतर माणसाला इजा होते.

नवे घेताना मोह आवरा. बिल्स्टाइनचंच उदाहरण: बी४ मूळ शॉकअपच्या जागी, बी६ मूळ स्प्रिंगवर जास्त घट्ट, बी८ खाली बसवलेल्या स्प्रिंगसाठी. आराम हवा असताना लोक दुकानदाराच्या भरीला पडून बी८ घेतात. कोनीचा स्पेशल ॲक्टिव्ह हा आणखी एक पर्याय. त्यात खड्ड्यासारख्या झटपट धक्क्याला तेलासाठी वेगळी वाट उघडते आणि वळणावरच्या संथ हालचालीला ती बंद राहते. तुमच्या मॉडेलला तो मिळत असेल तर माझं मत त्यालाच.

आधीच्या मालकानं गाडी खाली बसवलेली आहे. दिसते भारी, पण स्पीड ब्रेकरवर धप्प होतं.

गाडी ३०-३५ मिमी खाली आणली म्हणजे चाकाला वर यायला तेवढी जागा कमी झाली. शॉकअपच्या रॉडवर जो फोमचा ठोकळा असतो तो बंप स्टॉप. गाडी साध्या रस्त्यावरच त्याच्या जवळ जाऊन बसलेली असते आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्यावर आपटते. तिथून पुढे स्प्रिंग किती मऊ आहे याला अर्थच उरत नाही.

खात्री करायची सोपी पद्धत आहे. शॉकअपच्या रॉडवरचं धुळीचं कव्हर वर सरकवा, रॉडभोवती एक प्लास्टिकचा झिप टाय हलका आवळा आणि सरकवून शॉकअपच्या डब्याला टेकवा. मग नेहमीच्या रस्त्यानं, नेहमीच्या वेगानं गावातून एक चक्कर मारा. दणक्याला डबा वर येतो, टायला ढकलतो आणि टाय सगळ्यात वरच्या जागी थांबून राहतो. परत आल्यावर टाय बंप स्टॉपला चिकटलेला दिसला की निदान झालं. टाय मध्येच थांबला असेल तर दोष दुसरीकडे शोधा, उगाच स्प्रिंगा काढू नका. उलट्या बसवलेल्या शॉकअपला ही युक्ती चालत नाही, त्यांचा रॉड बाहेरून दिसत नाही.

उपाय म्हणजे मूळ उंचीच्या स्प्रिंगा परत बसवणं. मूळ बंप स्टॉप कुजून भुगा झालेला असतो, तोही बदला, स्वस्त असतो. कुणी तो कापून अर्धा करायला सांगितला तर ऐकू नका, मग लोखंडावर लोखंड.

बुश बदलले तर गाडी आणखीच कडक झाली, हे कसं?

याची दोन कारणं भेटतात. एक, रबराच्या जागी पॉलीयुरेथेनचे कडक बुश घातलेले असतात. ट्रॅकवाल्यांचं ठीक आहे, आपल्याला रबरच हवं.

दुसरं कारण मेकॅनिकलाही माहीत नसतं. बहुतेक रबरी बुशचं रबर आतल्या-बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना आर्मचा बोल्ट फुल टाइट केला की ती लोंबकळती स्थिती रबराची "शून्य" स्थिती ठरते. गाडी खाली उतरवली की आर्म वर जातो आणि रबर उभ्या उभ्याच पिळलेलं राहतं. ते प्रत्येक खड्ड्याला वेगळ्या स्प्रिंगसारखं विरोध करतं आणि लवकर फाटतंही. म्हणून बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चारही चाकांवर उभी करायची, किंवा जॅकनं हब तेवढ्या उंचीला उचलायचा, आणि मग टॉर्क रेंचनं आवळायचं. माझ्या स्वतःच्या गाडीचं काम एका नामवंत म्हणवणाऱ्या वर्कशॉपनं लोंबकळत्या चाकांवर करून दिलं होतं. बोल्ट सैल करून गाडी खाली ठेवल्यावर पुढची बाजू "कुर्र" आवाज करून किंचित खाली बसली. तोच पिळलेला बुश मोकळा झाला. काम फुकटचं, फरक डोळ्यांत भरण्याइतका. तुमचे बुश कधी बदलले असतील तर हे आधी करून बघा.

स्प्रिंगचा एक वेटोळा कापला, गरम करून बसवली, मध्ये रबरी बफर घातला तर?

तिन्ही नको. कापल्यानं स्प्रिंग उलट कडक होते, कारण कमी वेटोळे म्हणजे कमी लवचीकपणा, शिवाय गाडी खाली. गरम केल्यानं पोलादाचं टेंपर जातं आणि ती एक दिवस तुटते. ॲक्सेसरीच्या दुकानात मिळणारे वेटोळ्यांत अडकवायचे बफर गाडी उचलतात हे खरं, पण दोन वेटोळ्यांना जखडतात, म्हणजे स्प्रिंग आणखी कडक. दुकानदार त्यांना "कम्फर्ट किट" म्हणून विकतो.

मग खरोखर मऊ स्प्रिंगा कधी घालायच्या?

टायर, हवा, बुश, शॉकअप हे सगळं होऊनही गाडी छान रस्त्यावर अस्वस्थ वाटत असेल तर. हिशेब लक्षात ठेवा: डुलण्याची गती स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळावर चालते. स्प्रिंग २० टक्के मऊ केली तर गती साधारण १० टक्केच कमी होते. म्हणजे वळणावर गाडी झुकलेली स्पष्ट कळते आणि आरामात पडणारा फरक त्या मानानं थोडा. शिवाय शॉकअप जुन्या कडक स्प्रिंगसाठी ठरवलेले असतात, तेही जुळवावे लागतात. एवढ्यासाठीच मी स्प्रिंगा शेवटी ठेवतो. कमी ताकदीच्या मॉडेलच्या कंपनीच्याच स्प्रिंगा बसत असतील तर त्या घ्याव्यात, वजनाचा फरक मात्र बघावा.

मागे बसणारे तक्रार करतात. फक्त मागच्या स्प्रिंगा मऊ करू?

नका करू. मॉरिस ओली नावाच्या इंजिनिअरनं १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे दाखवून दिलं की मागचं सस्पेन्शन पुढच्यापेक्षा थोडं जलद डुलायला हवं. खड्डा पुढच्या चाकाला आधी लागतो, मागच्याला नंतर. मागचं जलद असलं की ते पुढच्याला गाठतं आणि गाडी सपाट राहते. मागचं मऊ केलं तर गाडी घोड्यासारखी पुढे-मागे हेलकावते. आई-बाबांना जोतिबाला न्यायचं असेल तर घरातली दुसरी गाडी काढा, नाहीतर त्यांना पुढे बसवा.

कॉइलओव्हर आहेत. किती क्लिक ठेवू?

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, उंची आणि कडकपणा बदलता येणारे. कडकपणाचा नॉब पूर्ण घट्ट करून तिथून क्लिक मागे मोजत यायचं आणि चारही चाकांचा आकडा लिहून ठेवायचा. एकच नॉब असेल तर तो बहुतेक वेळा रिबाउंडवर, म्हणजे स्प्रिंग परत उघडण्यावर जास्त काम करतो. तो फार घट्ट असला की चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, आणि सस्पेन्शन हळूहळू आवळत जातं. रंबल स्ट्रिपच्या पट्ट्यांवर हे झकास कळतं: पहिल्या दोन पट्ट्या ठीक आणि शेवटच्या दोन जिव्हारी लागतात. तसं झालं तर दोन-दोन क्लिक सैल करत जा. गाडी हायवेवर तरंगायला लागली की एक क्लिक परत. उंचीची रिंग फिरवून आराम मिळत नाही, उंचीच मिळते.

कम्फर्ट मोडचं बटण पुरेसं नाही का?

ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी तेच वापरावं. काही गाड्यांत स्पोर्ट मोड घेतला की इंजिन, स्टिअरिंग आणि शॉकअप तिन्ही कडक होतात, पण इंडिव्हिज्युअल मोडमध्ये इंजिन स्पोर्ट आणि शॉकअप कम्फर्ट असं वेगळं ठेवता येतं. पन्हाळ्याच्या चढाला हीच जोडी मला सगळ्यात आवडते, उखडलेल्या वळणावर चाक रस्ता सोडत नाही. असले शॉकअप गेल्यावर पैसे वाचवायला साधे घातले तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तो घालवायला कोडिंग करावं लागतं.

सीटनं काही फरक पडतो का?

पडतो. पाठ फार मागे टाकून बसलात की दणका कमरेच्या एकाच मणक्यावर येतो. पाठ जरा उभी करा, मांडीला बैठकीचा पूर्ण आधार येईल अशी सीट ठेवा, मागच्या खिशातलं पाकीट काढा. जुन्या गाडीत बैठकीचा फोम दबलेला असतो, चांगला सीटवाला तेवढाच बदलून देतो. वर जाड गादी टाकू नका, डोकं छताला आणि पट्टा चुकीच्या जागी.

स्पीड ब्रेकर कसा ओलांडायचा?

ब्रेक आधी मारा, चढायच्या क्षणी सोडून द्या. ब्रेक दाबलेला असताना नाक खाली गेलेलं असतं, पुढच्या सस्पेन्शनची जागा आधीच वापरली गेलेली असते आणि उरलेल्यात दणका घ्यायचा असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, २५ च्या वेगानं ओलांडता येईल असा हवा. आपल्या गल्लीतले ब्रेकर कुठल्या नियमानं होतात ते गल्लीलाच माहीत. नाक घासत असेल तर तिरकं घ्या, नाहीतर सरळच. तिरकं घेतल्यानं अँटीरोल बारमुळे (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यामुळे) डोकं डावी-उजवीकडे फेकलं जातं.

डिकीत वाळूचं पोतं ठेवलं की गाडी मऊ होते म्हणतात.

मागच्या ॲक्सलवर ६०० किलो असताना ५० किलो टाकले तर डुलण्याची गती चार टक्के कमी होते. ब्रेक लागायला वेळ, पेट्रोल जास्त, आणि ओली वाळू असेल तर डिकीला गंज. नको.

आरटीओ आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या कंपनीच्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. मूळ मापाचे शॉकअप, बुश, कंपनीनं त्याच मॉडेलला मान्य केलेलं रिमचं माप, यात सहसा अडचण येत नाही. कॉइलओव्हर किंवा उंची बदलणार असाल तर एमएच-०९ च्या ऑफिसात आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या वेळी वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

काम झाल्यावर काय करायचं?

अलायमेंट. आर्म, शॉकअप किंवा स्प्रिंग सोडली की टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडतोच. बुश बसायला शंभरेक किलोमीटर जाऊ द्या, मग करा, आणि आधी-नंतरचा छापील कागद मागून घ्या. "करून दिलंय साहेब" यावर भागवू नका. एका वेळी एकच बदल करा. टायर, शॉकअप आणि बुश एकाच दिवशी बदलले तर पैसे कशानं वसूल झाले ते कळणार नाही, आणि काही बिघडलं तर कुणाला पकडायचं तेही कळणार नाही.

हे सगळं केलं. तरी घरचे बसत नाहीत.

मग गाडी तशीच आहे. आखूड व्हीलबेसची मिनी लांब सेडानसारखी कधीच चालणार नाही, त्यात पुढची आणि मागची चाकं जवळ असतात आणि प्रत्येक खड्डा दोनदा मोजला जातो. अशा वेळी आणखी पैसे ओतण्यापेक्षा काढलेल्या मूळ रिम आणि टायर नीट गुंडाळून ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक आधी तेच विचारतं.